गिरणीमालकांचा संघ आणि कामगारांचा रविवार

ज्याचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले, त्याने व्याख्यानासाठी मालकांच्या संघाचा विषय घ्यावा, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. पण चांगला वकील जसा आपल्या अशिलाच्या कागदांइतकेच दुसऱ्या पक्षाचे कागद वाचतो, तसे आम्हालाही समोरच्या खुर्चीवर कोण बसले आहे आणि ते कोणाच्या बळावर बोलत आहे, हे समजून घ्यावे लागते. माझे शाळेतले शिक्षण आठवीपुढे गेले नाही. पुढचे जे झाले ते सार्वजनिक वाचनालयात, आणि त्यातले बरेचसे गिरण्यांविषयीचे जुने अहवाल चाळताना झाले. त्या वाचनातून मनात जो विचार घट्ट झाला तो असा, की धंद्यातल्या लोकांचा संघ जन्माला येतो तो त्यांच्या स्वार्थापोटी. पण तो नीट उभा राहिला, त्याला आधार देणाऱ्या संस्था निर्माण झाल्या, म्हणजे त्याचा उपयोग ज्यांच्याविरुद्ध तो उभारला त्यांनाही होतो. आणि असा संघ मोडला किंवा नावापुरता उरला, म्हणजे पहिला फटका बसतो तो दुबळ्यालाच.

ही कल्पना आपल्याकडे विलायतेतून आली असे कोणी समजू नये. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा हा लेख. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी उषवदाताने ३,००० कार्षापणांचा कायम निधी ठेवला. तो राजाच्या खजिन्यात ठेवला नाही, एखाद्या सावकाराकडेही ठेवला नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवला. एकीकडे २,००० शेकडा एक दराने आणि दुसरीकडे १,००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे, अशी अट. आणि हा सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून तिथल्या दप्तरात नोंदविला गेला.

या छोट्या लेखात आपल्या विषयाची दोन्ही सूत्रे सापडतात. एक म्हणजे विणकरांची श्रेणी: माणसे मरतील, पण श्रेणी राहील आणि शब्द पाळील, एवढा तिच्यावर राजाच्या जावयाचा विश्वास. दुसरे म्हणजे निगमसभा. ती कापड विणत नाही, विकत नाही. पण श्रेणीने दिलेला शब्द ऐकते आणि लिहून ठेवते. धंद्याचा संघ आणि त्याच्या पाठीशी उभी असलेली संस्था, अशी ही जोडी आहे. पुढे पेठापेठांतून शेटे-महाजन आले, गुजरातेत महाजन आले. नावे बदलली, जोडी राहिली.

आता एकदम मुंबईला येऊ. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे काम सुरू झाले. तेव्हा मुंबईत व्यापाऱ्यांचे मंडळ होतेच. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स १८३६ पासून काम करीत होते. येथे एक फरक लक्षात ठेवावा. चेंबर म्हणजे गावातल्या नाना धंद्यांचे मंडळ. संघ म्हणजे एकाच धंद्याचा. चेंबरमध्ये विलायती माल आणणाऱ्या युरोपियन कोठ्यांचे वजन मोठे होते. मुंबईत सूत निघू लागले आणि ते मँचेस्टरच्या सुताशी बाजारात भिडू लागले, तेव्हा गिरणीवाल्यांची बाजू मांडणारे त्यांचे स्वतःचे कोणी नव्हते.

ती गरज मँचेस्टरनेच उभी केली. त्या वेळी हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावर शेकडा ५ आणि सुतावर शेकडा साडेतीन जकात होती. १८७४ मध्ये मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने ही जकात काढावी म्हणून भारतमंत्र्याकडे अर्ज केला. त्याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकामुलांच्या हालांविषयी लँकेशायरच्या मंडळींना फार कळवळा येऊ लागला आणि येथे फॅक्टरी कायदा करा, अशी मागणी सुरू झाली. १८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. त्याच वर्षी, १८७५ मध्ये, मुंबईच्या गिरणीमालकांनी आपला संघ स्थापन केला.

हा संघ दोन गोष्टी अडविण्यासाठी निघाला: जकातमाफी आणि मजुरांचा कायदा. पहिल्या गोष्टीत त्याची बाजू देशाची होती, दुसऱ्या गोष्टीत निव्वळ स्वतःच्या थैलीची. एकाच संघाच्या एका हातात देशहित आणि दुसऱ्या हातात कामगाराचे अहित असू शकते, हे इतिहास वाचताना विसरून चालत नाही. एक डोळा मिटून घेतला की इतिहास सोपा होतो, पण खोटा होतो. मँचेस्टरचा कळवळा मतलबी होता, हे खरे. पण म्हणून गिरणीतल्या सात वर्षांच्या पोराचे हाल खोटे ठरत नव्हते. हे ओळखून मुंबईतच सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्यासाठी खटपट केली.

संघाला दोन्ही ठिकाणी हार खावी लागली. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला; सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी झाली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा पडली. मोठ्या माणसांसाठी त्या कायद्यात तासांची मर्यादा नव्हती. १८८२ मध्ये कापडावरची जकातही गेली. पण हरल्यावरही संघ विसर्जित झाला नाही, आणि इथूनच त्याचा खरा इतिहास सुरू होतो.

त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की भोंगा आणि मावळला की सुट्टी, म्हणजे उन्हाळ्यात दिवस आणखी लांबलेला. आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती, आणि काम बंद असेल त्या दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी हजर राहावे लागे. या अंधारात पहिला दिवा लावला तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. गिरणीच्या कोठारात नोकरी केल्यामुळे आतले जग पाहिलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. आज वाचताना वाटते, यात मागण्यासारखे काय होते! पण त्या वेळी हे सगळे मागावे लागत होते.

सहा वर्षे ते घोंगडे भिजत पडले. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. रविवारच्या सुट्टीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला, आणि १० जून १८९० रोजी संघाने सुट्टीचा ठराव संमत केला. पुढच्या वर्षी, १८९१ च्या कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला सरकारी आधार मिळाला. म्हणजे कायद्याच्या आधी ठराव आला होता.

श्रोतेहो, या ठिकाणी मी तुम्हाला क्षणभर थांबवणार आहे. लोखंड्यांचे कर्तृत्व आपण गातो आणि गायलाच पाहिजे. पण तो अर्ज कोणाच्या दारात नेला, याकडे आपले लक्ष जात नाही. कल्पना करा की मालकांचा संघच नसता. मग लोखंड्यांना एकेका गिरणीच्या फाटकावर जावे लागले असते. पहिला मालक म्हणाला असता, "मला देण्यात अडचण नाही, पण शेजारचा भोंगा रविवारी वाजत असताना मी माझा बंद ठेवला तर मी बाजारातून उठेन." शेजारच्यानेही हेच सांगितले असते. दोघेही लबाड असण्याची गरज नव्हती. चढाओढीत सापडलेला माणूस असेच बोलतो. संघ होता म्हणून सगळ्यांचा भोंगा एकाच दिवशी बंद ठेवणे शक्य झाले. संघाने हे दयाबुद्धीने केले असे मी म्हणत नाही. मैदानावर दहा हजार माणसे बसली होती आणि सरकारी कायदा दाराशी येऊन ठेपला होता. पण दडपण आणायलाही एक दार लागते. ते दार मालकांनी स्वतःसाठी बांधले होते, आणि त्यातून कामगारांचा रविवार आत आला.

आता संघाला आधार देणाऱ्या संस्थांकडे वळू. ठराव करणे सोपे असते. संघ पन्नास-शंभर वर्षे टिकतो तो त्याच्याभोवतीच्या कामाने. गिरणीमालक संघाचे पहिले असे काम म्हणजे हिशेब. कोणत्या गिरणीत किती चात्या, किती माग, किती माणसे, किती कापूस लागला, याची यादी संघ दरवर्षी छापीत असे, आणि ती मुंबईपुरती नव्हती. देशभरातल्या गिरण्यांची होती. सरकारनेही हे आकडे वापरले, आणि मालकांवर टीका करणाऱ्या इतिहासकारांनीही तेच वापरले.

दुसरे काम शिक्षणाचे. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था निघाली. तिला गिरणीमालकांचा हातभार होता, आणि भायखळ्याची तिची इमारत ही दिनशा माणेकजी पेटिट यांची देणगी. तोवर गिरणीतला तज्ज्ञ म्हणजे लँकेशायरहून आणलेला साहेब. या संस्थेतून इथली मुले त्या जागांवर जाऊ लागली. तिसरे काम कापसाचे. १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती झाली, आणि १९२४ मध्ये तिची प्रयोगशाळा माटुंग्याला उभी राहिली. शेतकऱ्याच्या कापसाचा धागा किती लांब, किती मजबूत, त्यातून किती नंबरचे सूत निघेल, हे तिथे मोजले जाई. १९२३ मध्ये कामावरील अपघातांच्या भरपाईचा कायदा झाला, तेव्हा भरपाईचा बोजा वाटून घेण्यासाठी मालकांनी १९२४ मध्ये परस्पर विम्याची संस्था काढली. १८८४ च्या अर्जातली भरपाईची मागणी अशी ४० वर्षांनी मार्गी लागली. पुढे १९५४ मध्ये मुंबईच्या वस्त्रोद्योगासाठी संशोधन संस्था, म्हणजे बिट्रा, स्थापन झाली. अहमदाबादेत विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने तशीच संस्था १९४७ मध्येच निघाली होती.

कामगारांच्या बाजूला असे आधार थोडे होते, पण अगदीच नव्हते असे नाही. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविली. १९२१ मध्ये मुंबई सरकारचे लेबर ऑफिस सुरू झाले आणि ते कामगाराच्या घरखर्चाचा निर्देशांक काढू लागले. ज्वारी, तांदूळ, डाळ, घरभाडे यांचा हा सरकारी आकडा पुढे महागाईभत्त्याचा पाया ठरला. मालक म्हणे महागाई नाही, कामगार म्हणे आहे. दोघांच्या मधे तिसऱ्याने राखलेले दप्तर आले, की निदान भांडण कशाविषयी आहे हे तरी ठरते. नाशिकच्या निगमसभेचेच हे काम.

मालक आणि कामगार यांचे नाते त्या काळी किती गुंतागुंतीचे होते याचा मासला १९२५ मध्ये दिसतो. १८९६ पासून मुंबईच्या कापडावर शेकडा साडेतीन अबकारी होती. मँचेस्टरच्या समाधानासाठी बसविलेली. ती उठावी म्हणून संघ तीस वर्षे अर्ज करीत होता. १९२५ मध्ये मालकांनी मंदीचे कारण सांगून पगारात शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली. सप्टेंबरात सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. अखेर १ डिसेंबरपासून सरकारने अबकारी तहकूब केली, मालकांनी कपात मागे घेतली, आणि १९२६ मध्ये अबकारी कायमची गेली. तीस वर्षांच्या अर्जांनी जे झाले नाही ते कामगारांच्या अडीच महिन्यांच्या उपासमारीने झाले. त्याचा लाभ मालकांना किती आणि कामगारांना किती, याचा हिशेब मात्र कोणत्याही अहवालात मला सापडला नाही.

त्या संपातूनच १९२६ मध्ये जोशींची टेक्स्टाईल लेबर युनियन निघाली. त्याच वर्षी ट्रेड युनियन कायदा झाला. गंमत अशी, की त्या कायद्यातील 'ट्रेड युनियन' या शब्दाच्या व्याख्येत मालकामालकांचे संबंध ठरविणारा संघही बसतो. कायद्याच्या लेखी दोघेही एकाच जातीचे!

१९२८ चा संप आणखी मोठा: एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने, पुन्हा दीड लाखाच्या आसपास माणसे. त्याच्या मुळाशी कामाची वाढ आणि मजुरीची कपात होती, आणि त्याबरोबर एक जुना घोळही होता. एकाच कामाला या गिरणीत एक दर, पलीकडच्या गिरणीत दुसरा. मालकसंघाने रविवारचा ठराव पाळून घेतला, पण मजुरीच्या बाबतीत तो आपल्याच सभासदांना एका दरावर आणू शकला नव्हता. संपानंतर फॉसेट समितीपुढे दोन्ही पक्ष दरपत्रक घेऊन बसले. तरी सर्व गिरण्यांना लागू होणारी प्रमाणित मजुरी प्रत्यक्षात यायला १९४७ चा औद्योगिक न्यायालयाचा निवाडा लागला. त्याने २६ दिवसांचा किमान मूळ पगार ३० रुपये ठरविला. संघ दुबळा असला की कामगाराचे वीस वर्षांचे नुकसान कसे होते, हे यावरून दिसेल.

पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. अडीच लाखांच्या घरात माणसे त्यात उतरली होती. १९४६ च्या कायद्याने मान्यता एका संघटनेला, कामगारांचा कौल दत्ता सामंतांना. मालकसंघ बोलणार तो मान्यतेच्या संघटनेशी. म्हणजे टेबलाशी बसणाऱ्यांच्या मागे माणसे नाहीत, आणि माणसे ज्यांच्या मागे ते टेबलाशी नाहीत. दुसरीकडे बऱ्याच मालकांनी जुन्या यंत्रांकडे वर्षानुवर्षे पाहिले नव्हते. संशोधन संस्था सल्ला देऊ शकते, पैसा घालायला लावू शकत नाही. पुढे गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची झाली, आणि धंद्याच्या संघाला धंदाच उरला नाही.

पण कापड विणणे थांबले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर अशा गावांत यंत्रमागांवर अगोदरच पसरत गेले होते. माझे काम अशाच एका गावात आहे. तिथे मालकांच्या संघटना नाहीत असे नाही; एकाच गावात चार-चार आहेत. आम्ही मजुरीचा प्रश्न घेऊन गेलो की एक म्हणते, आमचा ठराव आमच्या सभासदांपुरता. सभासद म्हणतो, मी वर्गणी देतो, पण ठरावाला बांधलेला नाही. आणि पुष्कळ कारखानदार खर्चीवर माग चालवितात. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, यांना विणाईची खर्ची तेवढी मिळते. बारा-बारा तास माग चालतो तो कोणाच्या हिशेबावर, हे ठरविणारा माणूस बैठकीत नसतोच. गेल्या बैठकीनंतर एक म्हातारा कांडीवाला मला म्हणाला, "साहेब, भांडायला तरी कोणीतरी एक असायला पाहिजे." १८९० मध्ये लोखंड्यांना जे दार सापडले, ते शोधण्यात आमची वर्षे जातात.

या सभागृहात दुकानदार आहेत, औषधविक्रेते आहेत, छापखानेवाले आहेत, आणि त्यांच्याकडे काम करणारेही आहेत. बहुतेकांचा कुठला ना कुठला संघ असेल. त्या संघाला तीन प्रश्न विचारावेत असे मी सुचवितो. तुमचा ठराव तुमचे स्वतःचे सभासद पाळतात का? धंद्याचे खरे आकडे तुम्ही ठेवता का, आणि ते परक्यालाही पाहू देता का? वर्गणीतला काही भाग शाळा, प्रयोगशाळा, विमा, लवाद अशा कामात जातो का, जे आजच्या भांडणानंतरही उरेल? हेच तीन प्रश्न आम्हा कामगार संघटनांनाही लागू आहेत, आणि पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येणार नाही अशा आमच्यातल्याही संघटना मला ठाऊक आहेत.

विणकरांच्या श्रेणीवर उषवदाताने ३,००० कार्षापणांचा विश्वास टाकला तो ती दयाळू होती म्हणून नव्हे. ती शब्दाला बांधलेली होती आणि शब्द दप्तरात लिहिला होता म्हणून. समोरच्या पक्षाकडून आम्हाला मायेची अपेक्षा नाही. त्याने संघटित असावे, दिलेला शब्द त्याला पाळता यावा, आणि तो लिहून ठेवणारे कोणी तिसरे असावे, एवढेच आमचे मागणे आहे. तेवढे असले तर बाकीचे आम्ही भांडून घेऊ.